हुकुमदार! छावणीच्या पहाऱ्यापासून घरातल्या वायफाय कॅमेऱ्यापर्यंत

(या एपिसोडचा लिखित मजकूर. बसमध्ये आहात, इयरफोन घरी राहिलाय, तर वाचा. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.)

आज सुरुवात घरातल्याच एका गोष्टीने करतो.

माझी आत्या छत्रपती संभाजीनगरात, छावणीत राहते. जुनं घर, दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, मागे अंगण, अंगणावर पत्रे. वय बाहत्तर. आतेभाऊ पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला तो आला आणि तीन कॅमेरे बसवून गेला. दोन बाहेर, बॅटरीवर चालणारे, आणि त्यांच्यासोबत आलेला एक छोटा पांढरा डबा, म्हणजे हब. तिसरा कॅमेरा मागच्या अंगणात, वेगळा घेतलेला, स्वस्तातला, थेट वायफायला जोडायचा. दादा पुण्यात बसून मोबाईलवर बघायचा. आई तुळशीला पाणी घालतेय, आई वाळवण घालतेय. सगळं छान.

यंदा पावसाळ्यात इंटरनेटवाल्यांचा माणूस आला, जुना राउटर काढून नवा लावून गेला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या अंगणात शेवाळावर घसरली. मनगट मोडलं. अर्धा तास ती तिथेच बसून हाका मारत होती. दादाने त्या सकाळी ॲप उघडलं होतं बरं का! अंगणाच्या चौकटीत त्याला स्वच्छ, रिकामं अंगण दिसलं. निर्धास्त होऊन तो मीटिंगला गेला.

ते चित्र तीन दिवसांपूर्वीचं होतं. कॅमेरा बंद पडलेला. ॲपने शेवटचा फोटो तसाच लावून ठेवला होता, कोपऱ्यात बारीक अक्षरात 'ऑफलाइन' लिहून.

मी भेटायला गेलो तेव्हा आत्याने प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून विचारलं, "अरे, बाहेरचे दोन चालू आणि मागचाच बंद, असं कसं? आणि याला वायर नाही, मग हा बोलतो तरी कुणाशी?"

आजचा एपिसोड म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. ते सापडायला मात्र जरा मागे जावं लागेल.

छावणीतला पहिला पासवर्ड

खाम नदीच्या अलीकडे जुनं शहर, दरवाजांचं, तटबंदीचं. पलीकडे छावणी. आज तिथला गुरुवारचा बाजार सगळ्यांना माहीत असतो, पण नावातच इतिहास आहे. छावणी म्हणजे फौजेचा तळ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली निजामाच्या खर्चाने पोसलेली फौज असायची. पुढे तिला हैदराबाद कंटिन्जंट म्हणू लागले.

अशा तळावर रात्री पहारा असतो. अंधारात पावलं वाजली की पहारेकरी ओरडायचा, "हुकुमदार!" हा शब्द आला कुठून? इंग्रजीत ललकारी होती 'हू कम्स देअर', कोण येतंय तिकडे. हिंदुस्थानी शिपायाच्या तोंडी तिचं 'हुकुमदार' झालं. समोरच्याने परवलीचा शब्द सांगायचा. बरोबर असला तर आत, चुकला तर बंदूक रोखलेली.

हा 'हुकुमदार' लक्षात ठेवा. आज तुमच्या घरात राउटर आणि कॅमेरा यांच्यात हाच संवाद चालू असतो, फक्त आवाज न करता.

पण छावणीचा इतिहास पहाऱ्याची दुसरी बाजूही सांगतो. जून १८५७. कंटिन्जंटच्या घोडदळात कुजबुज सुरू झाली की आपल्याला दख्खनबाहेर काढून दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार. शिपाई बिथरले. पुण्याकडून फौज आली, बंड मोडलं, अनेकांना मृत्युदंड दिला गेला. शहरातल्या ज्या काळ्या चबुतऱ्याशी ती आठवण जोडलेली आहे, तिथेच आजचा क्रांती चौक. म्हणजे बघा, ज्यांना पहाऱ्यावर उभं केलं होतं तेच एका सकाळी मालकाला धोका वाटू लागले. पहारेकरी नक्की कुणाचा? हा प्रश्न कॅमेऱ्याच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

नर्सबाईंचा दरवाजा

घरातल्या कॅमेऱ्याची गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्स भागात. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही कृष्णवर्णीय नर्स. तिची ड्युटी अवेळी, नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, त्याचीही कामाची वेळ विचित्र. घरात बऱ्याचदा एकटी. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि फोन केला तरी पोलीस यायला वेळ लागायचा.

१९६६ साली दोघांनी मिळून पेटंटसाठी अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ ला पेटंट मिळालं. कल्पना काय होती? दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रं. आतल्या बाजूने एक कॅमेरा वरखाली सरकणारा, म्हणजे उंच माणूस असो की लहान मूल, चेहरा दिसणार. ते चित्र आत झोपायच्या खोलीतल्या पडद्यावर. दाराबाहेरच्याशी बोलायला माइक. ओळखीचा असेल तर बटण दाबून लांबूनच कडी उघडायची, नसेल तर दुसरं बटण दाबून मदतीचा इशारा द्यायचा.

आजच्या व्हिडिओ डोअरबेलमध्ये यापेक्षा मूळ कल्पना म्हणून वेगळं काय आहे, सांगा? मला गंमत याची वाटते की ही यंत्रणा कुठल्या सेनापतीने नाही, रात्रपाळी करून घरी एकटी राहणाऱ्या एका बाईने शोधली. आणि तिच्या रचनेत चित्र बघणारी आणि निर्णय घेणारी तीच होती. चित्र घराबाहेर जात नव्हतं.

हबचा जन्म: हवाईची बेटं

आता तो पांढरा डबा. अनेक यंत्रं, मध्ये एक म्होरक्या, आणि सगळं बिनतारी. याची आठवण काढायची तर १९७१ च्या हवाईला जावं लागेल. विद्यापीठाचा मोठा कॉम्प्युटर होनोलुलूत आणि वापरणारे वेगवेगळ्या बेटांवर. नॉर्मन अब्रॅमसन या प्राध्यापकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओवरून कॉम्प्युटर जोडले. नाव अलोहानेट.

मधल्या यंत्राला त्यांनी नाव दिलं मेनेहुने. हवाईच्या लोककथांमधली, रात्रीतून कामं उरकणारी बुटकी माणसं. सगळी टर्मिनल्स फक्त मेनेहुनेशी बोलायची, एकमेकांशी नाही.

अडचण अशी की सगळ्यांना एकच रेडिओ चॅनल. दोघं एकदम बोलले की गोंधळ. यावर त्यांचा उपाय अगदी साधा होता: बोलून टाका. पोच आली तर ठीक. नाही आली तर समजा कुणाशी तरी टक्कर झाली, थोडा वेळ थांबा आणि पुन्हा बोला. प्रत्येकाने किती थांबायचं हे नशिबावर, म्हणजे दोघं पुन्हा एकदम बोलायची शक्यता कमी.

वायफायने यात एक शहाणपण वाढवलं: बोलायच्या आधी ऐका. गुरुवारच्या बाजारात नाही का, शेजारचा भाजीवाला ओरडत असताना दुसरा दम घेतो आणि त्याचं संपलं की "पालक दहाला जुडी" सुरू करतो. तुमच्या घरात दोन मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप आणि तीन कॅमेरे असतील तर असाच बाजार हवेत भरलेला असतो. म्हणून कधीकधी चित्र अडखळतं.

हवेचं लायसन्स

आता आपल्याकडची गोष्ट. तुमच्या आजोबांना विचारा, रेडिओ ऐकायला लायसन्स लागायचं. खरंच! १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टनुसार परवानगीशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणं गुन्हा होता. घरच्या रेडिओची पुस्तिका असायची, पोस्टात जाऊन फी भरायची, नूतनीकरण करायचं. आमच्या घरातही अशी एक पुस्तिका ट्रंकेत सापडली होती. १९८० च्या दशकात ही घरगुती लायसन्सं गेली, पण हवेतून काही पाठवायचं तर परवानगी हवीच, हा नियम राहिला.

अमेरिकेत १९८५ साली तिथल्या दूरसंचार आयोगाने एक धाडस केलं. काही लहरींचे पट्टे असे होते की ते उद्योगांसाठी आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या यंत्रांसाठी ठेवलेले, तिथे इतका गडबडगुंडा की कुणाला नकोच. आयोग म्हणाला, कमी ताकदीने, ठरलेल्या पद्धतीने वापरणार असाल तर या पट्ट्यांत लायसन्सशिवाय बोला. या पडीक जमिनीवरच वायफाय उगवलं. १९९७ मध्ये पहिलं मानक आलं, १९९९ मध्ये जास्त वेगाचं मानक आणि 'वायफाय' हे नाव. मायक्रोवेव्ह ओव्हन चालू केला की कॅमेऱ्याचं चित्र अडकतं अशी तक्रार ऐकलीय ना? दोघांचा पट्टा एकच, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा.

भारतात हा २.४ चा पट्टा घराबाहेरही वापरण्यासाठी लायसन्समुक्त झाला तो जानेवारी २००५ च्या नियमांनी. ५ गिगाहर्ट्झमध्ये मोठी मोकळीक मिळाली ऑक्टोबर २०१८ ला. म्हणजे अंगणातला बिनतारी कॅमेरा निर्धास्तपणे लावता येणं ही आपल्याकडे अवघ्या वीसेक वर्षांची गोष्ट आहे.

कॉफीच्या भांड्यापासून

कॅमेरा नेटवर्कला कसा लागला, तेही आळसापोटी. १९९१, केंब्रिज विद्यापीठ. कॉफीचं एकच भांडं, आणि वरच्या मजल्यांवरून खाली यावं तर ते रिकामं! वैतागून संशोधकांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि चित्र आतल्या नेटवर्कवर सोडलं. १९९३ मध्ये ते वेबवर गेलं आणि जगभरचे लोक भांडं बघू लागले. २००१ मध्ये तो बंद केला तेव्हा त्याचीही बातमी झाली. मधे १९९६ ला स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने नेटवर्कला थेट लागणारा कॅमेरा विकायला काढला. त्याला स्वतःचा पत्ता होता, कॉम्प्युटर जोडायची गरज नाही.

म्हणजे ब्राउनबाईंचा दरवाजा, हवाईचा म्होरक्या, पडीक लहरी आणि कॉफीचं भांडं. चारही एकत्र आले की झाला आत्याच्या घरातला कॅमेरा.

तर मग जोडणी होते कशी?

आधी मागच्या अंगणातला, थेट वायफायवाला कॅमेरा घेऊ. तो नवा असताना त्याला काहीच माहीत नसतं. घरात वायफाय आहे, त्याचं नाव काय, पासवर्ड काय. त्याला कीबोर्ड नाही, पडदा नाही. म्हणून आपण ॲपमध्ये नाव आणि पासवर्ड टाकतो, मोबाईलवर क्यूआर कोड उमटतो आणि तो कॅमेऱ्यासमोर धरतो. कॅमेरा तो डोळ्याने वाचतो! काही कॅमेरे याऐवजी थोडा वेळ स्वतःचंच छोटं वायफाय सुरू करतात आणि मोबाईल त्याला जोडून घेतात.

मग कॅमेरा राउटरच्या दारात जातो. हुकुमदार! इथे गंमत बघा. पहारेकऱ्यासमोर परवलीचा शब्द मोठ्याने म्हटला तर झाडामागचा चोरही ऐकणार. म्हणून राउटर पासवर्ड विचारतच नाही. तो एक आकडा फेकतो, कॅमेरा दुसरा आकडा फेकतो, आणि दोघं आपापल्या जागी ते आकडे पासवर्डमध्ये मिसळून एक किल्ली तयार करतात. दोघांची किल्ली जुळली की दार उघडलं. पासवर्ड हवेत गेलाच नाही. पण यासाठी दोघांकडे शब्द एकच हवा.

आता हबवाले दोन कॅमेरे. ते बॅटरीवर. वायफाय सतत चालू ठेवलं तर बॅटरी भराभर उतरेल. म्हणून ते झोपलेले असतात, फक्त अंगाची ऊब हेरणारा एक सेन्सर जागा. कुणी हललं की कॅमेरा उठतो आणि हबला चित्र पाठवतो. हब मात्र विजेवर, कायम जागा. हबवरचं बटण दाबायचं, कॅमेऱ्यावरचं दाबायचं, दोघांची एकदा ओळख पटली की ती हबजवळच राहते. कॅमेऱ्याला तुमच्या घरच्या वायफायचं नावसुद्धा माहीत नसतं. हब राउटरला साध्या लॅन केबलने लावलेला, पुढचं तो बघतो.

पाणचक्की पाहिलीय ना? पाणी दूरच्या डोंगरातल्या झऱ्यातून मातीच्या नळांनी येतं, भिंतीवर चढवलं जातं, हौदात पडतं आणि मग चक्की फिरवतं. चक्कीला झरा माहीत नाही, झऱ्याला चक्की माहीत नाही. मधली रचना सांभाळणारी आहे म्हणून दोघांचं जमतं. हब हे असं मधलं काम करतो.

आता आत्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. राउटर बदलला. नव्या राउटरला हबची केबल खोचली, बाहेरचे दोन्ही कॅमेरे चालू. त्यांना काही बदललंय हे कळलंही नाही. अंगणातला कॅमेरा मात्र जुन्या नावाचं वायफाय शोधत राहिला. परवलीचा शब्द बदलला आणि पहाऱ्यावरच्या एका शिपायाला कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा अंधारात हाका मारत उभा.

मी तो पुन्हा जोडायला गेलो तर क्यूआर तीनदा फसला. कारण माझा मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर होता आणि त्या कॅमेऱ्याला फक्त २.४ समजतं. २.४ ची लहर लांब, भिंतीतून जरा बरी जाते. पण दीड फुटी दगडी भिंत आणि वर पत्रे म्हटल्यावर तिचाही दम जातो. राउटर स्वयंपाकघराच्या दाराशी सरकवला तेव्हा कुठे सिग्नलच्या दोन कांड्या आल्या. दुरुस्तीचा खर्च शून्य. हे त्या इंटरनेटवाल्या माणसाने दोन मिनिटांत केलं असतं, किंवा निदान सांगितलं असतं तरी!

पहारेकरी कुणाचा?

आता तो १८५७ चा प्रश्न. दादा पुण्यात बोटाने टॅप करतो आणि चित्र दिसतं, तर तो थेट घरात शिरतो का? नाही. राउटर बाहेरच्या अनोळखी हाकेला सहसा ओ देत नाही. म्हणून हब किंवा कॅमेरा आतूनच कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून ठेवतो. दादाचं ॲपही त्याच सर्व्हरकडे जातं आणि तिथे दोघांची गाठ घालून दिली जाते. ब्राउनबाईंच्या घरात चित्र झोपायच्या खोलीपर्यंत जायचं. आत्याच्या अंगणाचं चित्र शहराबाहेर, कदाचित देशाबाहेर जाऊन पुण्याला येतं.

आणि दार नीट लावलं नाही तर? २०१६ मध्ये मिराय नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फिरू लागला. तो फार हुशारी करत नव्हता. कॅमेरे, राउटर शोधायचा आणि कारखान्यातून येतात ती साठेक नाव-पासवर्डची जोड्यांची यादी एकेक करून लावून बघायचा. 'ॲडमिन', 'ॲडमिन'. उघडलं! लाखो यंत्रं अशी ताब्यात गेली. तो बनवणारी पोरं तुमच्याच वयाची होती आणि सुरुवात झाली होती माइनक्राफ्ट गेमच्या सर्व्हरवरच्या भांडणातून. पुढे त्याचा कोड खुला झाला आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला अशा यंत्रांच्या फौजेने एका मोठ्या इंटरनेट कंपनीवर हल्ला केला. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत कित्येक तास अडखळल्या. त्या फौजेत घराघरांतले कॅमेरे होते. पहारेकरी फितूर झाले आणि मालकाला पत्ताही नव्हता.

आपल्याकडेही याची दखल घेतली गेली. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्हींना सुरक्षेच्या ठरावीक चाचण्या सक्तीच्या झाल्या. पण आधी बसवलेल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड सरकार येऊन बदलणार नाही. तो तुम्हीच बदलायचा. आज, हा एपिसोड संपल्यावर.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. २०२५ मध्ये कोलकात्याच्या एका घराच्या वादात, घरातल्या इतर राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे नकोत, असा उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. आत्याच्या अंगणातला कॅमेरा थोडा तिरपा होता. त्यात शेजारच्या खालांचं न्हाणीघराचं दार दिसायचं. दोन वर्षं! कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण कुणी बघितलंही नव्हतं. मी तो वळवला.

आणि शेवटी

आत्याला त्या सकाळी कुणी उठवलं, हे सांगायचं राहिलंच. त्याच खालांनी. त्यांनी भिंतीपलीकडून हाक ऐकली, "दीदी, क्या हुआ?" म्हणत पुढून धावत आल्या, रिक्षा बोलावली आणि दादाला फोनही त्यांनीच केला. त्यांना ना क्यूआर लागला, ना पासवर्ड. आणि हो, पुढच्या दाराच्या कॅमेऱ्याने त्यांना आत शिरताना बरोबर टिपलं. दादाच्या मोबाईलवर सूचना गेली: 'दारात व्यक्ती दिसली.' मीटिंगमध्ये होता म्हणून त्याने ती बाजूला सारली.

आता आमच्याकडे तीन नियम झालेत. राउटर बदलला की त्याच दिवशी सगळे कॅमेरे तपासायचे. ॲपमध्ये नुसता फोटो बघायचा नाही, लाइव्ह उघडून कोपऱ्यातली वेळ वाचायची. आणि दादा रोज सकाळी नऊला आत्याला फोन करतो. परवा ती मला म्हणाली, "कॅमेरा राहू दे रे, काही म्हणणं नाही. पण हल्ली तो फोन करतो, ते बरं वाटतं."

तुमच्या घरच्या कॅमेऱ्याची काही गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या गुरुवारी भेटू, छावणीच्या बाजाराच्या दिवशी. तोपर्यंत, हुकुमदार!